कचेरीतले मासे

नोकरीत माणसाला काय काय सांभाळावे लागेल याचा नेम नाही. तीस वर्षांत मी बियाण्यांच्या थैल्या सांभाळल्या, अनुदानाची रजिस्टरे सांभाळली, निवडणुकीच्या पेट्या सांभाळल्या आणि वरून येणाऱ्या पाहुण्यांची मर्जीही सांभाळली. पण उतारवयात मासे सांभाळण्याची पाळी येईल असे कधी वाटले नव्हते. ती आली गोसीखुर्दला.

गोसीखुर्दचे नाव वाचकांपैकी बहुतेकांनी धरणामुळे ऐकले असेल. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर हे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी त्या वेळचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. इंदिरासागर हे त्याचे सरकारी नाव, पण ते कागदावरच राहिले. लोक गोसीखुर्दच म्हणतात. तेहतीस दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडतात तेव्हा पाहायला लांबून माणसे येतात आणि ज्यांची घरेदारे त्या पाण्याखाली गेली ती माणसेही कधीमधी येऊन उभी राहतात. दोघांच्या पाहण्यात फरक असतो, तो जवळ उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

तर या भागात माझी बदली झाली तेव्हा कचेरीच्या कोपऱ्यात एक काचेची पेटी पडलेली होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. माझ्या आधीच्या कोण्या अधिकाऱ्याने हौसेने आणली आणि बदलीच्या वेळी टेम्पोत फुटेल म्हणून मागे ठेवली, एवढाच तिचा इतिहास. तिच्यावर माती परीक्षणाच्या फायली रचून ठेवल्या होत्या. आमच्याकडे एक तरुण मुलगी कृषी सहायक म्हणून नव्याने रुजू झाली होती. तिने एका शनिवारी फायली उतरवल्या, पेटी धुतली आणि सोमवारी मला म्हणाली, "सर, यात मासे सोडू या. लोक तासन्‌तास ताटकळत बसतात, त्यांना काहीतरी बघायला होईल."

मी हो म्हटले. लोकांचे ताटकळणे कमी करण्यापेक्षा ते सोपे होते.

मासे निवडायचे काम मी स्वतःकडे घेतले. विद्यार्थी असताना सहलीबरोबर मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय त्या काळी आम्हां वऱ्हाड-नागपूरकडच्या पोरांना जत्रेपेक्षा भारी वाटले होते. तेवढ्या भांडवलावर मी नागपूरच्या एका दुकानात गेलो आणि डोळ्यांना आवडले ते घेऊन आलो. चार गोल्डफिश, दोन काळ्या मॉली आणि दुकानदाराने काच साफ करतो म्हणून गळ्यात घातलेला एक सकर. सोबत रंगीत खडे, प्लास्टिकचे झाड आणि हवेचा छोटा पंप. दिवस एप्रिलचे होते. पेटी त्याच सकाळी नळाच्या पाण्याने भरली होती. संध्याकाळी मासे आणून त्यात सोडले.

त्या रात्रीच एक मॉली गेली. दुसरी दोन दिवसांनी. पाचव्या-सहाव्या दिवसापासून गोल्डफिश पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून आवंढे गिळू लागले. मला वाटले, उपाशी आहेत. मी आणखी खाद्य टाकले. बाकावर पांढऱ्या धोतरातले एक म्हातारे बाबाजी बसले होते. अतिवृष्टीच्या नुकसानीच्या यादीत त्यांच्या नावाचे एक अक्षर चुकले होते, त्यामुळे पैसे अडकले होते आणि त्यासाठी त्यांच्या खेपा चालू होत्या. जातीने धिवर. गाव बुडितात गेलेले, आता पुनर्वसनाच्या गावठाणात राहतात. ते उठून पेटीजवळ आले, वाकून पाहिले आणि म्हणाले,

"सायेब, खायाले नका देऊ जी. पान्याले अजून जीव नाही आला."

मी हसलो. पाण्याला कसला जीव यायचा, पाणी म्हणजे पाणी. दोन दिवसांत चारही गोल्डफिश पाठीवर पडले. सकर तेवढा तळाला चिकटून जिवंत राहिला.

आता खरे सांगायचे तर मला लाज वाटायला हवी होती ती मासे मेल्याची नव्हे, तर मी बी. एस्सी. ॲग्री असूनही ते का मेले हे मला कळले नाही याची. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, ती माशांच्या कल्ल्यांना जाळते, हे तर साधेच. पाणी उघड्या बादलीत एक दिवस-रात्र ठेवले की तो वायू उडून जातो. मॉली त्यात गेल्या. पण गोल्डफिशची गोष्ट वेगळी होती आणि ती तर माझ्याच पुस्तकातली होती.

बंधूंनो, आपण शेतात युरिया टाकतो. जमिनीत त्याचा आधी अमोनिया होतो. मग जमिनीतले एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हवा खेळत्या जमिनीत हे चक्र अखंड चालते. (धानाच्या बांधीत पाणी साचलेले असते, हवा नसते, म्हणून तिथे ते अर्ध्यावर अडते. म्हणून तर धानाला नायट्रेटचे खत देऊ नये असे आम्ही सांगतो. असो.) काचेच्या पेटीतही नेमके हेच घडते. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो, त्याची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून अमोनिया होतो. अमोनिया माशाला विष आहे, नायट्राइटही विष आहे, नायट्रेट थोडेफार चालते. जुन्या तळ्यात, खड्यांवर, शेवाळावर हे दोन्ही जिवाणू वस्तीला असतात, ते विषाचे खत करून टाकतात. नव्या धुतलेल्या पेटीत ते नसतातच. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि पाणी जितके गरम तितका अमोनिया जास्त जहाल.

म्हणजे पाण्याला जीव यायला दीड महिना लागतो. बाबाजींनी हे एका वाक्यात सांगितले होते. मी आयुष्यभर शेतकऱ्यांना नत्राचे चक्र फळ्यावर काढून दाखवले आणि दोन फुटांच्या पेटीत ते मला दिसले नाही.

पुढच्या खेपेला बाबाजी आले तेव्हा मी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली आणि विचारले, "बाबाजी, मग यात कोणता मासा जगंल?"

"पह्यले पानी तं जगवा," ते म्हणाले.

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही रंगीत खडे काढून नदीचे धुतलेले गोटे घातले. एका जुन्या बोडीतून पाण्याखाली वाढणारी हायड्रिला आणली, ती तळाशी खोचली. त्याच बोडीतला मूठभर गाळ एका फडक्यात बांधून पेटीत सोडला. विरजणच म्हणा ना. पाणी बादलीत ठेवून मुरवलेले. धरणाचे पाणी आणू का, असे शिपाई भाऊंनी विचारले तेव्हा बाबाजींनी नुसता हात हलवला. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून निघते, कन्हानमार्गे वैनगंगेला मिळते आणि धरणामागे येऊन थांबते. ज्यांनी त्या पाण्यात जाळी टाकून पिढ्या काढल्या त्यांना ते हातात घेतल्यावर कळते. पेटी महिनाभर मासे न सोडता तशीच ठेवली. सकराला तेवढा सोबतीला ठेवला होता. तो तिथल्या पाण्याला विष्ठा पुरवत होता आणि जिवाणूंना अन्न मिळत होते. लोक विचारत, "सायेब, पेटीत काय आहे?" मी म्हणे, "पाणी आहे." शिपाई भाऊ माझ्याकडे काळजीने बघत.

त्या महिन्यात आम्ही कोणता मासा ठेवावा यावर बरीच चर्चा केली. कचेरीची पेटी म्हणजे घरची पेटी नव्हे. शनिवार-रविवार कुलूप. दिवाळीत चार-पाच दिवस कुलूप. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांचे ऊन आणि वर सिमेंटची पत्रे. वीज गेली की हवेचा पंप बंद. आज मी आहे, उद्या बदली. अशा ठिकाणी देखणा मासा नको, दणकट हवा. आपण हलक्या रानात भारी वाण लावत नाही, तसेच.

गोल्डफिश तर बादच. तो मूळचा थंड पाण्यातला, चीनमधला. चांगला सांभाळला तर दहा वर्षांच्या वर जगतो आणि वीतभर वाढतो. घाणही फार करतो. त्याला मोठी टाकी हवी. त्याला लहानशा गोल भांड्यात ठेवतात ती तर शिक्षाच. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वीस अंशांवर लिटरमागे नऊ मिलिग्रॅम मावत असेल तर पस्तिसावर सातच. माशाला मात्र गरमीत जास्त लागतो.

मग कृषी सहायक मुलीने फायटर सुचवला. हा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा मासा, भाताच्या खाचरांतच वाढलेला. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक निराळे इंद्रिय असते. पृष्ठभागावर येऊन तो आपल्यासारखी हवेतली हवा घेतो. पंप नसला तरी त्याला चालते. पण दोन नर एकत्र ठेवले की फाडाफाडी. एकटाच ठेवायचा. एवढ्या पेटीत एकच मासा बघून लोकांना वाटले असते की बाकीचे साहेबांनी खाल्ले.

हवा घेणारे मासे आपल्याकडे काय कमी आहेत? मरळ, मागूर, सिंगी. उन्हाळ्यात तळे आटून नुसता चिखल राहिला तरी हे दम धरून राहतात. बाजारात टोपलीत ओल्या फडक्याखाली तासन्‌तास जिवंत असतात ते यामुळेच. दणकटपणाच पाहायचा तर यांना तोड नाही. पण मरळ शिकारी. पेटीतले बाकीचे गिळून तो एकटा उरेल आणि पुढे पेटीही त्याला पुरणार नाही. मागूर-सिंगी दिवसभर तळाशी दडून राहतात आणि सिंगीच्या काट्याची वेदना ज्याने सोसली त्यालाच ठाऊक. बाबाजी म्हणाले, "मरळ म्हनजे पान्यातला पाटील. त्याले काचेत काहून कोंडता?"

झेब्रा नावाचा अंगावर निळे पट्टे असलेला बोटाच्या दोन पेरांएवढा मासा मला आवडला होता. तो आपल्याच देशातला. हॅमिल्टन नावाच्या इंग्रजी आमदानीतल्या डॉक्टराने १८२२ साली गंगेच्या माशांवर जे पुस्तक काढले त्यात त्याची पहिली नोंद आहे आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी तो पाळतात. काटकही आहे. फक्त उड्या मारतो, पेटीला झाकण हवे. आणि एकटा-दुकटा राहत नाही, सहा-सात तरी लागतात.

शेवटी ठरला गप्पी. हिवतापवाले विहिरीत, टाक्यांत सोडतात तोच. आरोग्य खात्याच्या गप्पी पैदास टाकीतून फुकट मिळाला. फुकट म्हटल्यावर कचेरीत सर्वांचे एकमत झाले. याचे मूळ घर दक्षिण अमेरिका. रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थाने १८६६ साली त्रिनिदाद बेटावरून हे मासे लंडनच्या संग्रहालयाकडे पाठवले, त्यांचेच नाव माशाला चिकटले. नर लहान आणि रंगीत, मादी मोठी आणि करडी. अंडी घालत नाही, सरळ जिवंत पिले देते, तीही दर महिन्या-सव्वा महिन्याला. मेहनतीने राबणारी करडी आणि मिरवणारा रंगीत, असे आमच्या कृषी सहायक बाईंचे म्हणणे पडले. मी त्यावर बोललो नाही.

पहिल्या खेपेला चारच सोडले. पंधरा दिवसांनी आणखी चार. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच, आणि आठवड्यात एक दिवस उपास. मोठ्या निरोगी माशाला दोन-तीन दिवस काही मिळाले नाही तरी काही होत नाही. कचेरीतला मासा उपासाने मरत नाही, तो येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दयेने मरतो. ज्याला त्याला वाटते, आपण दोन दाणे टाकावे. एकाने फुटाणे टाकले. एकाने खर्रा टाकला, त्याचे नाव घेत नाही. मग मी खाद्याचा डबा टेबलाच्या खणात ठेवला आणि पेटीवर चिठ्ठी लावली. आठवड्यातून एकदा चौथाई पाणी बदलायचे, सगळे कधीच नाही. सगळे बदलले की जिवाणूंची वस्ती उठते, पुन्हा पहिल्यापासून. काढलेले पाणी कचेरीपुढच्या जास्वंदीला. त्यात नायट्रेट असते, जास्वंद फुलून आली.

सकराचे काय केले ते सांगायला हवे. तो वाढू लागला. हे मासे फूट-सव्वा फूट होतात. शिपाई भाऊ म्हणाले, "धरनात सोडून देऊ जी." मी नाही म्हटले. सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणात असेच कुणी हौशींनी सोडलेले सकर माजले. तिथले मच्छीमार त्याला हेलिकॉप्टर मासा म्हणतात. त्याला ना खाणारा, ना विकत घेणारा, आणि अंगावरच्या काट्यांनी जाळी फाटतात. आफ्रिकेतला मोठा मागूरही असाच देशात घुसला आणि तळ्यांतले देशी मासे त्याने खाल्ले. २००० सालापासून त्यावर बंदी आहे, तरी चोरून पाळतात. आमचा सकर मी नागपूरला दुकानदाराला परत दिला. तो म्हणाला, "पैसे मिळणार नाहीत." मी म्हटले, "नकोत."

गप्पीचेही तेच. पिले वाढली तेव्हा लोक मागू लागले. पाण्याची बंद टाकी असेल, कूलरचे पाणी असेल, गोठ्याचा हौद असेल, तर मी देतो. डेंगीचा डास अशाच पाण्यात होतो. पण तलावात, बोडीत सोडायला म्हणून देत नाही. आपल्या मामा तलावांत कोहळ्यांनी बांध घातले तेव्हापासून जे बारके देशी मासे आहेत तेही डासांच्या अळ्या खातात. तिथे परक्याची गरज नाही. भंडारा-गोंदियात मनीष राजनकर आणि त्यांच्यासोबतच्या धिवर मंडळींनी, त्यांतही बायांनी, तलावांतली बेशरम उपटून पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा बेपत्ता झालेले देशी मासे परत दिसू लागले. मासा सोडावा लागत नाही, जागा करून द्यावी लागते. आमच्या पेटीतल्या हायड्रिलाने मला तेच दाखवले.

असे वर्षभर छान चालले. बाकावर बसणारी माणसे पेटीभोवती जमत. बायांबरोबर आलेली पोरे काचेला नाक लावून उभी राहत. बाबाजींचे यादीतले अक्षर दुरुस्त झाले, पैसेही आले, तरी बाजाराच्या दिवशी ते डोकावून जात. पेटीत एकवीस मासे होते.

ऑक्टोबरात, धान निसवून दाणा भरत असताना, एका सकाळी कचेरी उघडली तर पेटीत गोंधळ चालला होता. मासे गिरक्या घेत होते. एका कुशीवर पडायचे, झटका बसल्यासारखे उसळायचे, काचेवर आदळायचे. तोंड वर काढून कुणी हवा घेत नव्हते. दुपारपर्यंत एकवीसही संपले.

कारण सापडायला वेळ लागला नाही. आदल्या संध्याकाळी डास फार झाले म्हणून शिपाई भाऊंनी खोलीत डासांचा फवारा मारून दार लावले होते. पेटीला झाकण होते, हे त्यांनी मला तीन-तीनदा सांगितले. खरेच होते झाकण. पण हवेचा पंप पेटीबाहेर टेबलावर असतो. तो खोलीतली हवा ओढतो आणि पाण्यात सोडतो. रात्रभर त्याने तो फवारा ओढून माशांना पाजला. या फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड गटाचे औषध असते. माणसाच्या शरीरात त्याचे लवकर विघटन होते, माशाच्या होत नाही. एक लिटर पाण्यात काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले एक-दोन भाग, एवढे माशाला पुरते.

शिपाई भाऊ रडवेले झाले होते. मी त्यांना काही बोललो नाही. त्याचे कारण माझा चांगुलपणा नव्हे. त्या गिरक्या मी आधी पाहिल्या होत्या.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. याच जिल्ह्यातल्या एका गावी लष्करी अळी पडली होती. मी फवारणीचे प्रात्यक्षिक घेतले. चांगली पन्नास-साठ माणसे जमली होती. सायपरमेथ्रीनचे प्रमाण किती, नोझल कुठे धरायचे, वाऱ्याची दिशा कशी पाहायची, सगळे नीट सांगितले. काम झाल्यावर पंप धुवायचा होता. धुऱ्याला लागूनच एक बोडी होती. मी एका पोराला म्हटले, "जा, धुऊन आण." माझ्याच तोंडचे शब्द. उरलेले औषधही त्याच पंपात होते.

ती बोडी एका धिवर कुटुंबाने ठोक्याने घेतली होती. रोहू-कटल्याचे बीज सोडले होते. दुसऱ्या दिवशी मी पंचनाम्याला गेलो तेव्हा उरलेसुरले मासे गिरक्या घेत होते आणि बाकीचे पांढरे पोट वर करून काठाला लागले होते. तो माणूस मला म्हणाला, "सायेब, हे काय झालं?" मी आभाळाकडे बघितले. तीन दिवस ढगाळ होते. मी म्हणालो, "ढगाळ वातावरणात पाण्यातला प्राणवायू कमी होतो. त्याने दगावले."

हे शास्त्रात आहे. ढगाळीत तसे होतेही. म्हणूनच ते खोटे बोलणे इतके सोपे गेले. त्याने मान डोलावली. माझी डायरी साक्ष आहे, त्या दिवशीच्या नोंदीत मी फक्त 'प्रात्यक्षिक यशस्वी' एवढेच लिहिले आहे.

पेटीतले मासे मेल्यानंतरच्या बाजाराला बाबाजी आले. रिकामी पेटी पाहून टेकले. का कोण जाणे, मी त्यांना ती सगळी हकीगत सांगितली. गावाचे नावही सांगितले. ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले,

"ठाऊक आहे जी. माझी साळी तेच गावात देली हाये. सगळ्याईले तवाच ठाऊक होतं."

"कसं काय?"

"त्या बोडीत मरळ पन मेला होता ना, सायेब. ज्या पान्यातली हवा सरते त्यात रोहू मरते, कटला मरते. मरळ नाही मरत. तो वरची हवा घेते. मरळ मेला म्हनजे पान्यात जहर आलं."

मला त्या दिवशीचा काठ आठवला. होता मरळ. हातभर लांब, काळा. मी पाहिलाही होता.

"मग तेव्हा कुणी बोललं का नाही?"

बाबाजी माझ्याकडे न बघता पेटीकडे बघत म्हणाले, "तुमी सायेब मानूस. यादी तुमच्याच हातात. काहून बोलंल कोनी?"

मी नोव्हेंबरात त्या गावी गेलो. घर शोधायला अडचण आली नाही. तो माणूस आता माझ्याहून म्हातारा दिसतो. ओट्यावर जाळे विणत बसला होता. मी सांगायचे ते सांगितले. त्या वर्षीच्या बिजाचे आणि तेवढ्या वाढीच्या मासळीचे पैसे होतील तितके पाकिटात घालून नेले होते. त्याने बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. पाकीट घेतले नाही, आणि परतही केले नाही. ते ओट्यावर पडून राहिले. म्हणाला, "बोडी मंग आमी सोडून देली जी. पुढल्या साली ठोक्याले पैसे नव्हते." नंतर धानाचा भाव, पोराची नागपूरची नोकरी, यावर बोलणे झाले. निघताना पाकीट तिथेच होते.

आता फवारणीच्या सभेत मी ही हकीगत माझ्याच नावाने सांगतो. पंप धुतलेले पाणी बोडीत, नाल्यात, विहिरीच्या काठाला ओतू नका. ते त्याच बांधीत, जिथे कमी फवारले असेल तिथे फवारून टाका. रिकामी बाटली तीनदा विसळा, ते पाणीही पंपातच, आणि मग बाटली चेपून टाका, घरी तेल भरायला नेऊ नका. बाटलीवरच्या चिठ्ठीत बारीक अक्षरांत माशांना घातक असे लिहिलेले असते, ते पोराकडून वाचून घ्या. बोडीच्या कडेच्या दोन-चार ओळी फवारल्या नाहीत तर तेवढे पीक अळीला जाईल, जाऊ द्या. लोक ऐकतात. मागे कुणीतरी, "सायेब, मंग तुमी त्याले पैसे देले का?" असे विचारले. मी दिले म्हणालो. घेतले का, असे पुढे विचारले नाही, बरे झाले.

पेटी पुन्हा भरली आहे. खडे उकळत्या पाण्याने धुतले, जुने पाणी खड्डा करून पुरले, दीड महिना वाट पाहिली. पंप आता बाहेरच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आहे, नळी तेवढी आत. खोलीत डासांचा फवारा बंद. खिडक्यांना जाळ्या लावल्या, त्याचे बिल अजून मंजूर व्हायचे आहे. यंदा गप्पी सहाच ठेवले आहेत आणि बाबाजींनी बांधीतल्या पाण्यातून धरून आणलेले सात बारके चंदेरी मासे. त्यांचे पुस्तकातले नाव मी शोधतो आहे, बाबाजी त्यांना नुसते 'बारक्या' म्हणतात. सोमवारी कुलूप काढून आत पाय टाकला की तेराही काचेशी येऊन उभे राहतात. दोन दिवसांचे उपाशी असतात. मी आधी सही करतो, पंखा लावतो, मग खण उघडतो.